वहीतली बिनरेघेची ओळ

आमच्या विठ्ठल मंदिराची वही संगणकावर घ्यायचं काम मी हौसेने मागून घेतलं. मी प्रोग्रॅमर, आणि वही माझ्या वडिलांच्या हातची. म्हैसुरातल्या आमच्या समाजाचं प्रत्येक माणूस त्यांनी जन्माच्या क्रमाने त्यात लिहून ठेवलेलं. कुणी गेलं की त्या ओळीवर ते लाल रेघ मारत. त्यांच्या ओळीवर ती मी मारली.

बोगादीतल्या आमच्या घरी तीन रविवार बसून, नावांकडे फारसं लक्ष न देता, बिनरेघेच्या सगळ्या ओळी टाइप केल्या. दोनशे बारा. ही झाली अ‍ॅरे, म्हणजे माणसं नुसती रांगेत उभी. नावाने हाक मारली की नेमकं माणूस मिळावं म्हणून मी तिचा ऑब्जेक्ट केला. पूर्ण नाव हीच प्रत्येकाची ओळख ठेवली. मोजलं तर दोनशे अकरा.

पुन्हा चालवलं. तेच.

कारण ठाऊक होतं. एकाच नावाचे दोघे आले की नंतरचा आधीच्याच्या जागी जाऊन बसतो. मशीन चकार शब्द काढत नाही. कोण पुसलं गेलं ते शोधायला मी छोटा कोड लिहिला, आणि पडद्यावर माझं नाव आलं. माझं, वडिलांचं, आडनाव, घर, सगळं तेच. फक्त जन्मसाल चार वर्षं आधीचं.

वही उघडली. वडिलांचंच अक्षर. रेघ नव्हती.

आई स्वयंपाकघरात अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती.

"आई, वहीत माझं नाव दोनदा आहे."

"होगली बिडु, जाऊ दे ते. चुकलं असेल त्यांचं."

"बाबांचं? वहीत?"

तिने हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग म्हणाली, "तुझ्या आधीची ती. दोन वर्षांची होऊन गेली. तापाने. तू झालीस तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं नाही, तेच नाव तुझ्या कानात सांगितलं."

"मग रेघ?"

"मारवली नाही त्यांच्याने."

लहानपणी आई दारातून हाक मारायची. मी धावत गेले की क्षणभर माझ्या मागे बघायची. मला वाटायचं, आपल्याला उशीर झाला.

मी ओळखीत नावाला जन्मसाल जोडलं. दोनशे बारा झाले. प्रोग्रॅम वयंही काढत होता. आई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"तिचं किती म्हणतंय?"

"सत्तेचाळीस."

"म्हणजे चष्मा लागला असेल," ती म्हणाली.

"आई, रेघ मारू?"

"मला काय विचारतेस?"

छपाईसाठी ऑब्जेक्टची परत अ‍ॅरे केली आणि यादी तशीच मंदिरात दिली. रथसप्तमीला त्या यादीप्रमाणे घरोघर प्रसादाची पाकिटं आली. घरात आम्ही दोघीच, पाकिटं तीन. आईने तिन्ही घेतली. मी माझं खाल्लं. आईचा उपास होता. संध्याकाळी भांडी घासायला गेले, तर कट्ट्यावर तिन्ही पाकिटं रिकामी, नीट घडी घालून ठेवलेली होती.