नोराच्या बाटलीतला गाळ

माझा नवरा उल्हास दिवसभर औषधांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो आणि संध्याकाळी घरी येऊन माझी. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख. दूध तापलं की त्यात थर्मामीटर. लोणचं घातलं की त्यातलं वाटीभर वेगळं काढून कपाटात, म्हणजे इथल्या आयरिश बोलीत प्रेसमध्ये, मागे ठेवायचं. कारखान्यात म्हणे प्रत्येक बॅचचा असा नमुना ठेवतात, आणि तो कधी कुणाला द्यायचा नसतो. सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आमच्या देवघरात अजून सीलबंद आहे, कारण हा तो फोडू देत नाही. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे रोजची परीक्षा, आणि निकाल कधीच नाही.

डून लेरी या आयरिश गावात आमच्या शेजारी नोरा राहतात. वय सत्त्याऐंशी. आम्ही नवीन असताना ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडला, तेव्हा स्वतःच्या पलंगावरची ब्लँकेटं काढून घेऊन आल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आम्ही ऑक्टोबरच्या सुट्टीत जॉर्डनला निघालो हे कळलं, तेव्हा पहिल्यांदाच मागितलं.

त्यांचा नवरा पॅट सैन्यात होता. शांतिसेनेबरोबर तिकडे गेला असताना त्यानं जॉर्डन नदीचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. चारही मुलांच्या बाप्तिस्म्याला त्यातले थेंब घातले आणि धाकटीच्या वेळी बाटली संपली. पॅटही जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही परतल्यावर लगेचच्या रविवारी पणतीचा बाप्तिस्मा होता. "थोडंसंच आण, रेवती," त्या म्हणाल्या. "जमलं तर हं."

जमलं तर म्हणे! मी तर जिवाच्या करारावर आणणार होते. पण बरोबर उल्हास होता ना.

आमची एका दिवसाची सहल होती. वाळवंटातून व्हॅन नेबो पर्वतावर गेली. गाइडनं सांगितलं, देवानं मोशेला इथून वचनाचा देश दाखवला, पण आत जाऊ दिलं नाही. सगळे दरीपलीकडे बघू लागले. उल्हास म्हणाला, "मग म्हाताऱ्या माणसाला एवढं चढवलंच कशाला?" मादाबाच्या चर्चमध्ये जमिनीवर दगडी तुकड्यांचा प्राचीन नकाशा आहे. लोक त्यात जेरुसलेम शोधत होते आणि हा सॅनिटायझर शोधत होता. जेवणाच्या वेळी तर कहर केला. हमस किती वाजता केलं, हे विचारायला थेट आत स्वयंपाकघरात गेला. आचारी चिडला, गाइडनं समजूत घातली, अख्खी व्हॅन उन्हात ताटकळली. नदीकाठापर्यंत आमची व्हॅन जात नव्हती आणि तिथली शेवटची गाडी सुटायच्या बेतात होती, म्हणून मी भर उन्हात चप्पल हातात घेऊन पळाले. त्या क्षणी हा माणूस मला नको झाला होता.

नदी म्हणजे आपल्याकडच्या ओढ्याएवढी, आणि रंग टपरीवरच्या चहाचा. समोरच्या काठावर पांढऱ्या झग्यातली माणसं बुडी मारत होती. मी पायरीवर बसून बाटली भरली.

"रेवती, हे बाळाच्या डोक्यावर घालणार?" उल्हास.

"गप्प बस," मी.

तो गप्प बसला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

घरी परतल्यावर शनिवारी सकाळी किचनमध्ये आले, तर ओट्यावर बाटलीत काचेसारखं स्वच्छ पाणी. यानं पहाटे उठून ते कॉफीच्या फिल्टरमधून तीनदा गाळलं होतं. वर उकळलंही होतं.

"आता प्यायलं तरी चालेल," म्हणाला. चेहऱ्यावर चक्क अभिमान!

"अरे, तीर्थ आहे ते! सॅम्पल नाही!" मी इतकी ओरडले की घसा बसला. पण करणार काय? नोरा वाट बघत होत्या. त्याला ओढत घेऊनच गेले.

नोरांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली. खिडकीशी नेऊन हळूच उलटी केली आणि बघत राहिल्या. पुन्हा सुलटी केली. पुन्हा उलटी.

"इट्स ग्रँड, लव्ह," म्हणाल्या. "ग्रँड." इथं 'ग्रँड' म्हणजे उत्तम, आणि 'जाऊ दे' म्हणजेही ग्रँडच. हे कुठलं, ते मला लगेच कळलं.

"नोरा, काय झालं?"

"काही नाही गं. पॅटची बाटली उलटी केली की तळाचा गाळ धुरासारखा वर यायचा. मुलं झोपली की तो मला दाखवायचा. म्हणायचा, बघ, नदी उठली. मला वाटलं, एकदा पुन्हा बघायला मिळेल."

मला रडूच आलं. मी उल्हासकडे वळले, तर तो दाराबाहेर. पळाला! म्हटलं, आज घरी चल, बघतेच.

पाच मिनिटांत तो परत आला. हातात जॅमची छोटी बरणी, आत मातकट पाणी. न गाळलेला नमुना. लोणच्यामागे ठेवला होता.

"एवढंच आहे," म्हणाला आणि त्यांच्या हातात दिली.

नोरांनी बरणी उलटी केली. गाळ सुटला आणि वळणं घेत पाण्यात पसरला. "आलास?" त्या म्हणाल्या. आमच्याशी नव्हे.

बऱ्याच वेळानं त्यांना आमची आठवण झाली. "ही स्वच्छ बाटली बाळाला. तिची आई नर्स आहे, असला चिखल जवळ येऊ दिला नसता तिनं. आणि ही माझी." म्हणजे वर उल्हासच बरोबर ठरला. आता हा जन्मभर मला ऐकवणार.

निघताना तो म्हणालाच, "नोरा, त्या झाकणाचं..." मी त्याचा पाय असा दाबला की वाक्य तिथंच संपलं.

घरी आल्यावर मी कडाडले, "तिथेसुद्धा तुला जंतू दिसले?"

"जंतू नाही गं," तो पाय चोळत म्हणाला. "उघडू नका म्हणणार होतो. उघडलं तर पाणी उडून जाईल. बंद राहिलं तर त्यांना पुरेल."