सापाच्या काडतुसांचं वजन

सापासाठी वेगळं काडतूस असतं हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. दिसायला ते रिव्हॉल्वरच्या इतर काडतुसांसारखंच, फक्त एका गोळीऐवजी त्यात मोहरीएवढे छर्रे असतात. समोरच्या सापाला ते पसरून लागतात आणि पुढे फार लांब त्यांचा जोर पोचत नाही. अबू धाबीच्या आत, वाळवंटात, एका बड्या माणसाचं पक्ष्यांचं पैदास केंद्र होतं. पक्ष्यांच्या दाण्यावर उंदीर यायचे आणि उंदरांमागे साप. तिथल्या पहारेकऱ्यांना रीतसर परवान्याची रिव्हॉल्वरं दिलेली होती. त्यांची काडतुसं मुसफ्फा या अबू धाबीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत हाताने भरली जात. कंपनीचा मुख्य धंदा नेमबाजीच्या क्लबांना माल पुरवण्याचा. सापाची काडतुसं म्हणजे त्यातलं एक टेबल. स्टोअर आणि तपासणी माझ्याकडे होती.

त्या टेबलावर दोन माणसं बसत. भरणारा फिलिपिनो होता. तो ट्रेमधल्या पितळी पुंगळ्यांत मापाने बारूद टाकायचा आणि ट्रे शेजारी सरकवायचा. शेजारी राजापूरकडचे एक गृहस्थ, पंचावन्नच्या आसपासचे. सगळे त्यांना भाई म्हणत. भाईंनी दिव्याखाली प्रत्येक पुंगळीत डोकावायचं, बोट पुढच्या पुंगळीवर न्यायचं आणि मोठ्याने ‘आहे’ म्हणायचं. त्यांनी तसं म्हटल्याशिवाय छर्रे चढत नसत. फिलिपिनोला मराठीतला तेवढा एकच शब्द येई. जेवायला बसला की डब्यात डोकावून तो ‘आहे’ म्हणायचा.

या डोकावण्याचं कारण साधं होतं. एखाद्या पुंगळीत बारूद पडायची राहिली, तर चाप ओढल्यावर नुसती मागची, ठिणगी पाडणारी टोपी उडते. तिचा जोर छर्रे नळीत ढकलण्यापुरता असतो, बाहेर काढण्यापुरता नसतो. पहारेकऱ्याला बारीकसा फुस्स आवाज येतो. समोर साप असतो, त्यामुळे नळी तपासायला कोणी थांबत नाही. तो पुन्हा चाप ओढतो, आणि तुंबलेल्या नळीवर दुसरं काडतूस उडालं की नळी हातातच फुटते. भाई म्हणायचे, “आमच्याकडे फुरसं चावलं तर माणूस दवाखान्यात तरी जातो. हे फुटलं तर बोटं गोळा करत बसायचं.”

दोन हजार आठच्या अखेरीला मंदी आली आणि सगळंच हलायला लागलं. मी दुबईतल्या अल बर्शाहून कंपनीच्या व्हॅनने जायचो. शेख झायेद रोडवरून जाताना कुठल्या क्रेन हलतात आणि कुठल्या कालपासून तशाच उभ्या आहेत, हे बघायची सवयच लागली. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाने सोफा लिफ्टपाशी ठेवला आणि ते कायमचे पुण्याला गेले. तो सोफा कितीतरी दिवस तिथेच होता. व्हॅनमध्ये कोणाचा फोन वाजला की बाकीचे बोलायचे थांबत. घरी जेवताना माझा पाय टेबलाखाली सारखा हलायचा, आणि बायको त्यावर हात ठेवून तो थांबवायची.

एका सकाळी मॅनेजरने बोलावलं. ते केरळचे, माझ्याशी हिंदीत बोलत. वरून प्रत्येक टेबलामागे एक माणूस कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी उपायही शोधला होता. आपल्याकडे चांगला इलेक्ट्रॉनिक तराजू आहे. तयार झालेलं प्रत्येक काडतूस त्यावर ठेवायचं, हलकं लागलं तर बाजूला काढायचं. मग आत डोकावायला वेगळा माणूस कशाला? तपासणीप्रमुख म्हणून मी दोन ओळी लिहून सही करायची होती, की वजनाची तपासणी पुरेशी आहे. भाईंचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी व्हिसा रद्द झाला, तर त्या दिवसांत दुसरा कोण देणार होता? रद्द झाल्यावर देश सोडायला महिनाभराची मुदत मिळे.

खरं सांगायचं तर मला ती कल्पना पटली होती. माणसाच्या डोळ्यापेक्षा माझा आकड्यावर विश्वास जास्त. तरी न बघता सही करायची सवय नव्हती, म्हणून आधी करून बघू म्हटलं. फिलिपिनोला सांगून काही पुंगळ्यांत मुद्दाम बारूद टाकली नाही, छर्रे भरून त्या बंद केल्या, तळाशी पेनाने खूण केली आणि चांगल्या काडतुसांत मिसळल्या. मग खूण न बघता एकेक तराजूवर ठेवून आकडे लिहीत गेलो. सगळं झाल्यावर काडतुसं उलटी केली.

रिकाम्यांपैकी एकही मला वजनावरून ओळखता आलं नव्हतं. काही रिकामी तर भरलेल्यांपेक्षा जड निघाली. तराजू बिघडला असेल म्हणून तपासला, तर तो ठीक होता. मग पुन्हा सगळी काडतुसं ठेवली. कारण कागदावर दिसायला लागलं तेव्हा स्वतःचाच राग आला. पुंगळ्या पुन्हापुन्हा वापरलेल्या, प्रत्येकीचं पितळ कमीजास्त. छर्रे चमच्याने मापलेले, त्यात दोनचार इकडेतिकडे. या दोन्हींतला फरक मिळून अख्ख्या बारुदीच्या वजनापेक्षा मोठा होता. तराजू खरं तेच सांगत होता, पण आम्ही त्याला विचारत होतो ते त्याला ठाऊक असण्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी सुट्टी म्हणून घरी होतो, पण बसवेना. खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात चाललं होतं. बायको साखरेच्या डब्यात वेलचीपूड मिसळत होती. तिला सांगितलं, की समज, तुझे स्टीलचे डबे वेगवेगळ्या वजनाचे आहेत, प्रत्येकात साखर अंदाजाने भरली आहे, आणि झाकण लावल्यावर नुसतं वजन करून सांगायचं, की कुठल्या डब्यात चमचाभर वेलची टाकायची राहिली.

“अहो, पण झाकण लावायच्या आधी बघायला काय होतं?” ती म्हणाली.

“तोच माणूस काढायचाय.”

ती हातातला चमचा ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मुलगी सोफ्यावरून म्हणाली, “बाबा, जस्ट साइन इट. एव्हरीबडी इज लूझिंग जॉब्ज.” तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या टर्मला शाळा सोडून भारतात गेल्या होत्या. तिचं भ्यायचं कारण मला समजत होतं.

रविवारी कामावर गेलो तेव्हा एक गोष्ट तपासायची राहिली होती. तराजू चुकतो हे कळलं, पण भाई चुकत नाहीत हे कुठे तपासलं होतं? मी भाईंच्या नकळत ट्रेमध्ये पाच रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या. भाई बोट सरकवत आले आणि पहिल्या रिकाम्या पुंगळीपाशी थांबले. पुढे दुसरी, मग तिसरी. पाचही बाजूला काढून ते फिलिपिनोवर उखडले. “क्या रे, मुंडी कुठे ठेवून आलास आज?” तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी तिथल्या तिथे सांगितलं, की मी ठेवल्या होत्या.

भाईंनी त्या पाच पुंगळ्या फिलिपिनोकडे सरकवल्या. मग म्हणाले, “साहेब, माझी परीक्षा घेतली ते ठीक. निकाल कुठे लावणार तेवढं सांगा.”

मी सगळं सांगितलं.

सोमवारी मॅनेजरसमोर आकडे ठेवले आणि सही करता येत नाही म्हणालो. त्यांनी आकडे नीट वाचले आणि दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर होते. वर विचारतो म्हणाले. मला वाटलं, जमलं. दोन माणसं लागतातच हे सिद्ध झालं, म्हणजे दोन माणसं राहतील, असा माझा हिशोब होता.

वरच्यांचा हिशोब वेगळा निघाला. दोन माणसं लागतात म्हणजे ते टेबल परवडत नाही. आठवड्याभरात सापाच्या काडतुसांचं काम बंद झालं. पैदास केंद्राने पहारेकऱ्यांना लांब बूट आणि साप पकडायचे चिमटे घेऊन दिले. फिलिपिनोला क्लबच्या मालाकडे हलवलं. मला ठेवलं, वर शाबासकीही दिली. जबाबदारीने काम केलं म्हणे. भाईंच्या हातात व्हिसा रद्द केल्याचा कागद पडला.

खाली मान घालून त्यांच्या टेबलापाशी गेलो. ते दिवा पुसत होते.

“वा साहेब,” ते म्हणाले, “एक माणूस वाचवायला निघालात आणि टेबलच बुडवलंत.”

“सही केली असती तर टेबल राहिलं असतं, पण तुम्ही गेलाच असता.”

“म्हणजे मी दोन्हीकडून गेलो.” मग दिवा खाली ठेवून म्हणाले, “आता रडगाणं नको. मला कागद द्या. महिनाभरात दुसरीकडे चिकटलो नाही तर राजापूर.”

त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता आणि त्यात इन्स्पेक्टर लिहून हवं होतं. कंपनीच्या नोंदीत ते हेल्पर होते. नोंदीत नाही ते मी लिहिणार नाही म्हणालो. “तुमची सही म्हणजे सोन्याहून महाग,” भाई पुटपुटले. मग मी लिहिलं, की यांनी तपासलेलं एकही काडतूस सदोष म्हणून परत आलं नाही. भाईंनी ते वाचायला लावलं आणि म्हणाले, “परत आलं नाही म्हणजे तिथेच फुटलं, असं कोणी म्हटलं तर?” तेही खरंच होतं. ते खोडलं. शेवटी जे मी डोळ्यांनी पाहिलं होतं तेच लिहिलं: काम हेल्परचं, पुंगळ्या आतून तपासण्याचं. न सांगता पाच रिकाम्या पुंगळ्या ठेवल्या, पाचही त्यांनी काढल्या. खाली माझा फोन नंबर दिला.

पुढचे दिवस फोन वाजला की मी दचकायचो. इतके दिवस फोन माझ्या नोकरीचा असेल म्हणून भ्यायचो, आता तो भाईंसाठी यावा असं वाटायचं. भाई मुसफ्फात शटरमागून शटर हिंडत होते. मुदत संपत आली तेव्हा फोन आला. आग विझवायचे सिलिंडर पुन्हा भरून देणाऱ्या एका वर्कशॉपचा मालक बोलत होता. विचारत होता, की हा माणूस खरंच प्रत्येक नग बघतो का? मी म्हटलं, मी बघितलं त्या दिवशी बघितला. इतर दिवसांचं मी सांगू शकत नाही. तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

भाईंचा व्हिसा मुदतीच्या आत लागला. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात खुशी नव्हती.

“साहेब, इथे सगळं तराजूवर चालतं. सिलिंडर ठेवा, आकडा बघा, खलास. आत कोणी बघतच नाही.”

पुन्हा माझं चित्त उडालं. मी त्यांना म्हटलं, रिकाम्या सिलिंडरचं वजन आणि आतल्या पावडरीचं वजन वेगवेगळं विचारून सांगा. तासाभराने त्यांनी दोन्ही आकडे सांगितले. पावडर किलोंमध्ये होती. रिकाम्या सिलिंडरमधला फरक तिच्यापुढे काहीच नव्हता. मी दोनदा मांडून बघितलं आणि त्यांना म्हटलं, “भाई, तिथे वजन पुरतं. ते बरोबर करतायत.”

त्यांनी विचारलं, “मग मी इथे काय करू?”

“आकडा वाचा,” मी म्हणालो. “प्रत्येक सिलिंडरचा.”