धुळ्याची ज्वारी आणि वायनरीतलं नाक

लग्नाआधी सासर बघायला जाणं हाही प्रवासच, म्हणून हे इथे लिहितेय. मी नाशिकच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखायला शिकवते. ग्लास फिरवा, वास घ्या, मग घोट. नाशिकमध्ये याचं कौतुक होतं. पण माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं, नीलेशचं, घर धुळ्याचं आणि त्याचे काका दारूपायी गेलेले. माझं काम त्या घरात कळलं तर लग्न मोडणार, अशी आम्हा दोघांनाही धास्ती होती.

नीलेश जळगावला नोकरीला, म्हणून आधी रेल्वेने जळगाव. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी पोचणारी गाडी धरा. दुपारी तिथला रिक्षावालाही सावली सोडत नाही. जेवायला शेवभाजी. तिखटाने माझे डोळे वाहत असताना नीलेश मला पढवत होता, की विचारलं तर 'द्राक्षाच्या कंपनीत आहे' एवढंच सांग. मी मान डोलावली, पण आतून चिडले होते.

पुढे पारोळ्यामार्गे एसटीने धुळे. बायकांना अर्धं तिकीट, खिडकीतली झळ फुकट.

घरी पोचलो तर अंगणात बिबड्यांची तयारी. ज्वारी भिजवून आंबवायची, मग तिचे हे पापड. पातेल्याभोवती नीलेशची आई, म्हणजे अक्का, आणि शेजारणी वाद घालत होत्या, ज्वारी आंबली की नाही. सवयीने मी वाकले, वास घेतला आणि बोलून गेले, "अजून एक रात्र राहू द्या. वरून आंबट झालीय, खाली कच्चीच आहे."

अक्कांनी तळातून दाणा काढून चावला. मग माझ्याकडे बघितलं.

"हाई तुले कसं समजनं?"

नीलेश खोकला. द्राक्षाची कंपनी माझ्या अगदी ओठांवर आली होती. पण खोटं बोलून या बाईच्या हातचं खाणं काही मला जमेना. सगळं सांगितलं, वाईन या शब्दासकट. दिवसभर चाखायचं असतं म्हणून आम्ही घोट थुंकून टाकतो, हेही. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. अक्का हसल्या नाहीत. त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"बाटली घरमा नको," त्या म्हणाल्या. "नाक लई ये." म्हणजे नाक तेवढं घेऊन ये.

आता नाशिकला घरी बसून हे लिहितेय. साखरपुडा ठरलाय. अक्का नातेवाइकांना सांगतात, सून कुठल्याशा कारखान्यात वास घ्यायला आहे. 'वाईन' अजून त्यांच्या तोंडी येत नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं. पण काल त्यांचाच फोन आला. पुन्हा ज्वारी भिजत घातलीय आणि मी पोचेपर्यंत पातेल्याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी गल्लीला बजावून ठेवलंय.