फक्कीच्या रेघांतलं घर

कृष्णाजीराव मोहिते, म्हणजे आम्हा सगळ्यांचे अण्णा, मला पहिल्यांदा दिसले ते नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास, बंगळूरच्या जयनगरातल्या एका रिकाम्या प्लॉटवर, ओणवे होऊन चुन्याची फक्की टाकताना. मी पुण्याहून आर्किटेक्ट होऊन त्यांच्याकडे नोकरीला आले होते. तोरा काही विचारू नका! अण्णा घराचा अख्खा नकाशा जमिनीवर खऱ्या मापात आखत आणि घरच्यांना त्यात चालायला लावत. माझ्या पहिल्याच नकाशात मालकांच्या आई स्वयंपाकघराच्या रेघांत उभ्या राहून म्हणाल्या, "इथून दारात कोण आलं ते दिसत नाही की." "सरी, अक्का," असा कानडीत होकार देत अण्णांनी चपलेने रेघ पुसली. माझी आठ दिवसांची मेहनत गेली आणि मी दिवसभर धुमसत राहिले.

शिक्षणानंतर अण्णांनी बारा वर्षं दुसऱ्यांच्या ऑफिसात जिन्यांचे आणि संडासांचे नकाशे काढले. ज्यांचं घर काढायचं त्यांचं तोंडही दिसू नये, हे त्यांना सोसेना. भरल्या संसारात नोकरी सोडून त्यांनी जयनगरात दोन खोल्यांचं स्वतःचं ऑफिस थाटलं.

माझ्या वडिलांच्या आजारपणात मी महिनाभर पुण्याला होते. परतले तर माझी अर्धवट ड्रॉइंग्ज अण्णांनी पुरी केली होती, खाली नाव माझंच.

अशा माणसाला मी पाच वर्षांत सोडलं. कोरमंगल्यातल्या काचेच्या इमारती काढणाऱ्या कंपनीसाठी शिफारसपत्रही त्यांनीच दिलं. "हिला लोकांचं ऐकून घेता येतं," असं त्यात लिहिलं होतं. तिथे ते कुणालाच नको होतं.

गेल्या वर्षी मारतहळ्ळीच्या एका घरासाठी अण्णांनी फक्की टाकली. मालकांना यायला वेळ नव्हता. कॉम्प्युटरवरचं चित्र पाठवा म्हणाले. अण्णांनी मला फोन केला, "स्वल्प येऊन जा गं. कुणी चालल्याशिवाय मला कळायचं कसं?" मी म्हणाले, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती.

अण्णांनी ते काम सोडलं आणि महिन्याभरात ऑफिसला कुलूप लावलं. हात अजून पक्का असताना. त्यांचं कार्य आम्ही शिष्य पुढे नेऊ, असं अशा गौरवलेखात लिहायची रीत आहे. आम्ही नेणार नाही. आमच्यातला एकही जण आज फक्की टाकत नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या अण्णांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो. हे मागतानाही जीव चरकतो, कारण अपार्टमेंटसाठी त्यांची घरं एकेक करून पाडली जात आहेत आणि जितकी वर्षं जास्त, तितकी जास्त घरं त्यांना पडताना पाहावी लागणार. तरीही अण्णा, तुम्ही राहा. ज्यांच्यापुढे आम्हाला लाज वाटावी, असं दुसरं कोणीच उरलेलं नाही.