पाण्याच्या बाटलीत तणनाशक

मित्रहो, दुपारपासून संताप शमलेला नाही, म्हणून लिहितो आहे.

आज शेलूबाजारहून मंगरूळपीरला जीपने येत होतो. शेजारी बसलेल्या आजींना तहान लागली. सीटवर पाण्याची बाटली होती. प्रवासात पाणी कोणी कोणाला नाकारत नाही, म्हणून त्यांनी सहज झाकण उघडले. तेवढ्यात मागचा शेतकरी ओरडला, "अवो माय, पिऊ नोको! तननाशक हाय ते!"

त्याने आणि त्याच्या भावाने एकच डबा घेऊन निम्मा-निम्मा वाटला होता. डबा भावाकडे गेला, याचा हिस्सा पाण्याच्या बाटलीत. मी जाब विचारला, तर म्हणतो, "बाटली धुतली होती नं, भाऊ! फवारनी झाली का पुन्हा धुतो अन् पानी भरतो."

विष ओतण्यासाठी बाटली धुतली होती!

नीट समजून घेऊ या. असे द्रव्य प्लास्टिकला आणि झाकणाच्या आट्यांना चिकटून राहते; वास गेला म्हणजे विष गेले, असे नव्हे. शिवाय औषधाचे नाव डब्यावरच राहते. उद्या कोणी प्यायले, तर डॉक्टरांना काय सांगणार? बाटलीवर तर ‘शुद्ध पेयजल’ छापलेले आहे.

आजी बाटली खाली ठेवत म्हणाल्या, "मले वाचता येत नाही, बापू. पान्याची बाटली दिसली, मले वाटलं पानीच असन."

यात त्यांचे काय चुकले? डबा असा वाटून घेण्याची रीत आपल्या गावोगावी आहे. तुमच्या गोठ्यात आत्ता अशी बाटली असेल, तर ती कोणाच्या हाती लागण्याची वाट पाहता आहात?