जेन्ट्समधलं पोस्टर

माझा नवरा माझ्याशी खोटं बोलला आणि मग मरून गेला.

आज वर्ष झालं.

सतीशबद्दल बाकीचे चांगलंच लिहितील, कारण तो होताच तसा. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला खुर्च्या मांडायला पहिला आणि जेवायला शेवटचा. मी आज त्यातलं काही लिहिणार नाहीये. मला त्याच्याशी भांडायचंय. तो समोर नाही, म्हणून तुमच्यासमोर भांडते.

आम्ही इथे अमेरिकेत कॅरीला राहतो, लेक साई काही तासांवर हर्नडनला. तिच्याकडे ड्राइव्ह करून जाताना शेवटची दोन-तीन वर्षं सतीश हायवेवरचा एकही रेस्ट एरिया सोडायचा नाही. माझं संत्रं सोलून, खाऊन व्हायचं, तरी हा वॉशरूममधून बाहेर यायचा नाही.

"एवढा वेळ?"

"अगं, ऑफिसचा फोन आला."

मी त्याला रेस्ट एरियाचा इन्स्पेक्टर म्हणायचे. तो हसायचा. मीही हसायचे, मूर्खासारखी.

शेवटी म्हटलं, डॉक्टरला दाखव. तर म्हणे, "डिसेंबरात लग्नाला पुण्याला जातोच आहे ना, तिथे फुल बॉडी चेकअप करून येतो. एका सकाळीत सगळं होतं."

आपण इथले सगळे असेच. दात, चष्मा, गुडघे, सगळं इंडिया ट्रिपवर ढकलायचं.

परत आला. बॅगेतून चिवड्याची पाकिटं काढत म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे."

मी चिवडा डब्यात भरून ठेवला.

पुढच्या वर्षी त्याची कंबर धरली. बागेत झाडांखाली मल्चची पोती ओतली म्हणून असेल, असं तो म्हणाला आणि मी शेकायला पिशवी दिली. दुखणं थांबेना तेव्हा डॉक्टरकडे गेलो. तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि तो हाडांत पोचला होता.

डॉक्टरांनी विचारलं, लघवीचा त्रास कधीपासून आहे?

सतीश जमिनीकडे बघत म्हणाला, "थ्री इयर्स."

मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

घरी येऊन पुण्याला दिराला फोन लावला. म्हटलं, त्या चेकअपचं काय झालं होतं?

तो म्हणाला, "वहिनी, दादा उपाशीपोटी जायचं म्हणून निघाला आणि तासाभरात मिसळ खाऊन परत आला. तुम्हाला सांगू नको म्हणाला."

मिसळ. तर्री मारून, दोन पाव जास्त घेऊन.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, का रे? मला का नाही सांगितलंस?

"लाज वाटली गं."

अठ्ठावीस वर्षांचा संसार. साई झाली तेव्हा हा डिलिव्हरी रूममध्ये माझा हात धरून उभा होता. तेव्हा माझी कुठली लाज राहिली होती? माझ्या मॅमोग्रामची तारीख ह्याच्या कॅलेंडरवर असायची. स्वतः सोडायला यायचा, बाहेर बसून राहायचा. आणि स्वतःची वेळ आली तर लाज.

साईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आई, बाबा लाइड टू मी टू. मी पण विचारलं होतं त्याला."

तो गेल्यावर त्याचं सामान आणायला ऑफिसला गेले. त्याच्या टीममधला समीर माझ्याबरोबर होता. कॉफीचा मग, स्वेटर आणि साईचा शाळेतला फोटो बॉक्समध्ये भरताना तो रडायला लागला.

"वहिनी, मी सतीशमुळे वाचलो. त्याचं पोस्टर बघून मी टेस्ट केली. माझं लवकर सापडलं."

"कुठलं पोस्टर?"

तो ओशाळला. "ते... जेन्ट्समध्ये आहे."

"दाखव."

आत कोणी नाही हे बघून तो दाराशी उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरुषांच्या वॉशरूममध्ये गेले. उभं राहिल्यावर बरोबर नजरेसमोर येईल असा लॅमिनेट केलेला कागद. वर छापलेलं: वारंवार जावं लागतंय का, धार कमी झालीय का, डॉक्टरला प्रोस्टेटबद्दल विचारा, रक्ताची साधी टेस्ट असते.

आणि खाली मार्करने, आमच्या किराणाच्या यादीवर असायचं त्याच अक्षरात:

टेल युवर वाइफ. डोन्ट वेट फॉर इंडिया ट्रिप.

"कधी लावलं हे?"

"पुण्याहून आला ना, त्याच आठवड्यात."

म्हणजे ह्याला सगळं कळत होतं. दिवसातून दहा वेळा तो त्या कागदासमोर उभा राहत होता. सगळ्या ऑफिसला सांगितलं, फक्त मला नाही. आणि सांगितलं तेही अशा जागी, जिथे मी कधी जाणारच नव्हते.

फार राग आला मला. अजून आहे. सकाळी एकटीपुरता चहा टाकताना तर फारच येतो.

मी तो कागद काढून आणला नाही. फोटो काढला. गेल्या शनिवारी मंडळाच्या नाटकाला त्याच्या कॉपीज घेऊन गेले आणि हॉलच्या लेडीज वॉशरूममध्ये प्रत्येक दाराच्या आतून लावल्या.

मंडळाचे एक काका म्हणाले, "अगं, हा पुरुषांचा विषय आहे. तिकडे कशाला?"

म्हटलं, "काका, पुरुषांच्यात लावून बघितलं."

काकू आत जाऊन आल्या आणि पूर्ण नाटकभर त्यांच्याकडे बघत होत्या.

आता ह्या पोस्टखाली दोन हात जोडून श्रद्धांजली लिहाल, त्याआधी एक करा. शेजारी बसलाय त्याला विचारा, डॉक्टरला शेवटचं कधी विचारलंस? तो म्हणेल, सगळं नॉर्मल आहे.

तेव्हा रिपोर्ट मागा.

मी मागितला नव्हता.

सतीश, तुझं पोस्टर आता बायका वाचतात. तुला हवं होतं ते झालं, मला हवं होतं ते नाही.

येते रे.