ताणावर सोडलेलं संत्र्याचं झाड

डिसेंबर लागला की मला आमच्या अकोल्याच्या गच्चीवरची ती बादली आठवते. वसंतात भरपूर फुलं यावीत म्हणून, वरूडच्या संत्र्यांच्या बागांत करतात तसं, मी ड्रममध्ये लावलेल्या संत्र्याचं पाणी तोडून त्याला ताणावर सोडलं होतं. पानं गळू लागली, तशा शेजारच्या काकू भरली बादली घेऊन वर आल्या. "काहून मारून राहिली वं त्याले? इंग्रजी शाळेत हेच शिकवलं काय?" कधी कुणाला उलट न बोलणारी मी बादलीसमोर आडवी उभी राहिले. "काकू, झाड माझं आहे. मेलं तरी माझंच." जानेवारी संपताना मीच पाणी दिलं आणि महिन्याभरात उघड्या काड्या पांढऱ्या फुलांनी भरल्या. काकूंनी डोळे मिटून वास घेतला. "नशीब वं तुझं," म्हणाल्या. यंदाही पानं गळताहेत. जिन्यात बादली वाजली, की मी उठून उभी राहते.